आधी जमीन, मग जीन

मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिच्यासोबत भरणारा घोडेबाजार देशभर नावाजलेला आहे. कानांची ठेवण, अंगावरचे भोवरे, रंग, रेवाल चाल असे सगळे बारकाईने पाहून सौदे ठरतात. टांगेवाले, वरातीच्या घोड्या पाळणारे आणि हौशी शेतकरी हे इथले जुने गिऱ्हाईक. आता त्यांच्या जोडीला शहराबाहेर दोन-चार एकर जमीन घेतलेला नोकरदार आला, उद्योजक आला, घोडेस्वारीचे वर्ग काढू पाहणारा तरुणही आला. जनावर कसे निवडावे याचा सल्ला त्यांना पावलोपावली मिळतो. ते उभे कुठे राहणार आणि त्याच्या पायाखाली काय असणार, हा प्रश्न मात्र बहुतेकदा घोडा ट्रकमध्ये चढल्यावर निघतो. मग घाईने पत्र्याची शेड उभी राहते, तिच्यात सिमेंटचा कोबा पडतो आणि उरलेल्या पैशांत चकचकीत खोगीर येते.

घोड्याच्या निवाऱ्याबद्दल जाणकारांत दोन तट आहेत. घोड्याला स्वतंत्र, बंदिस्त, कोरडा कप्पा हवा असे एकाचे म्हणणे. कप्पा म्हणजे तुरुंग, घोडा मोकळ्या आवारातच ठेवावा असे दुसऱ्याचे. साहित्याबाबतही तसेच. कोणी परदेशी जीन आणि कातडी साजावर अडून बसतो, तर कोणी दोरखंड आणि घोंगडीवर भागवतो. दोन्ही बाजूंकडे खरे मुद्दे आहेत. पण निवारा बांधण्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. हा घोडा दिवसाचे किती तास चालणार आणि त्याच्या दिमतीला किती हात असणार? यांची उत्तरे नसतील तर कप्पा की आवार हा वाद निष्फळ आहे.

आपल्याकडे घोडे ठेवण्याच्या तीन पद्धती डोळ्यांसमोर आहेत. पहिली छावणीची. घोडे ओळीने उघड्यावर उभे करायचे, पुढे आगाडी आणि मागे पिछाडी बांधायची, तोंडाला तोबरा लावून चंदी द्यायची. कमी जागेत पुष्कळ घोडे सांभाळायला आणि हुकूम येताच खोगीर चढवायला ही पद्धत सोयीची होती. दुसरी शर्यतीच्या तबेल्याची. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरचा घोडा दिवसातला बराचसा वेळ कप्प्यात काढतो. तिसरी धनगरांची. भीमा खोऱ्यातली भीमथडी घोडी मेंढ्यांच्या कळपाबरोबर बिऱ्हाडाचे ओझे वाहत गावोगाव फिरतात. त्यांना छप्परच नसते. ही जात काटक आहे, आणि अलीकडेच देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून तिची नोंदही झाली आहे.

या तिन्ही पद्धती टिकल्या, कारण प्रत्येकीत निवाऱ्याची उणीव भरून काढणारे दुसरे काहीतरी होते. छावणीतला घोडा रात्री जखडलेला असे, पण दिवसा कोसच्या कोस चालत असे. शर्यतीचा घोडा कप्प्यात कोंडलेला असतो, पण पहाटे त्याचा सराव होतो, आणि खरारा, मालीश, चालवणे, लीद उचलणे यांसाठी मोतद्दार दिवसभर हाताशी असतो. धनगराच्या घोडीला भिंत नाही, पण तिचा दिवस चालण्यात आणि चरण्यात जातो. हौशी मालक यांपैकी एखाद्या पद्धतीची फक्त इमारत उचलतो. रेसकोर्सवरचा कप्पा बांधतो, पण मोतद्दार ठेवत नाही. छावणीसारखा दोन्हीकडून बांधतो, पण रविवारशिवाय खोगीर चढवत नाही. घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर प्रत्येक मराठी माणसाला पाठ असते. तबेला बांधताना मात्र ते आठवत नाही.

आता दोन्ही बाजू नीट तोलून पाहू. कप्प्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. आजारी किंवा लंगडणाऱ्या घोड्याला विश्रांती मिळते, कोणी किती खाल्ले ते कळते, कमजोर घोड्याची चंदी दांडगा घोडा पळवत नाही. आपल्याकडे नर घोड्याचे खच्चीकरण सर्रास होत नाही, त्यामुळे एकाच आवारात दोन पूर्ण नर सोडणे म्हणजे लाथा-चाव्यांना आमंत्रण. परदेशी पुस्तकांतला खुल्या कळपाचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही, त्याचे हे मोठे कारण. व्यायला आलेल्या घोडीला तर मोठा, शांत कप्पा लागतोच. साठ-चौसष्ट इंच उंचीच्या घोड्याला १२ × १२ फूट हे सर्वमान्य माप आहे. लहान तट्टाला १० × १० पुरते, आणि विणाऱ्या घोडीला १४ × १४ किंवा त्याहून मोठी जागा द्यावी. दार चार फूट रुंद हवे आणि उंचीही अशी हवी, की घोड्याने मान झटकली तरी डोके आपटणार नाही.

विरुद्ध बाजूचे मुद्देही तितकेच वजनदार आहेत. मोकळा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरत असतो. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि ओकारी काढण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. दोन वेळा भरपूर चंदी आणि मधला सगळा वेळ रिकामी गव्हाण हा पोटशुळाकडे नेणारा रस्ता आहे. घोडा कळपाचा प्राणी आहे, दुसरा घोडा दिसला नाही की अस्वस्थ होतो. चार भिंतींत एकटा राहिलेला घोडा दारात डुलू लागतो, कप्प्यात येरझारा घालतो, लाकडाला दात लावून हवा गिळतो. लोक याला खोड म्हणतात आणि त्यावर पट्टा शोधतात. खोडीचे मूळ मात्र जागेत आणि दिनक्रमात असते. शिवाय बंद जागेत मूत्रातून निघणारा अमोनिया आणि वैरणीची धूळ फुप्फुसांत जाते. उघड्यावर हा त्रास बराच कमी होतो.

तरीही मोकळे आवार म्हणजे काहीच न करणे, असे कोणी समजू नये. पावसाळ्यात आवाराचा चिखल होतो. सतत ओल्या राहणाऱ्या खुरात सड धरते, पाठीवर बुरशी येते. काटेरी तारेचे कुंपण गुरांना चालते, पण बुजून उधळणाऱ्या घोड्याचा पाय त्यात कायमचा निकामी होऊ शकतो. लाकडी आडव्या दांड्या किंवा दुरून दिसणारी रुंद पट्टी लावावी आणि कुंपण साडेचार-पाच फुटांच्या खाली ठेवू नये. शोभेसाठी कडेने लावलेली कण्हेर घोड्याला विषारी आहे. बांधावरची घाणेरीही घातक आहे आणि एरंडाच्या बियाही. माळीबुवांना हे आधीच सांगून ठेवावे.

आमच्या मते सर्वसाधारण मालकाने मधला मार्ग धरावा. तीन बाजूंनी मोकळी किंवा अर्धी उघडी, उंच छपराची शेड, तिला लागून पळता-लोळता येईल असे कोरडे आवार, आणि आजारपणासाठी किंवा विणाऱ्या घोडीसाठी एक-दोन पक्के कप्पे. नर असेल तर त्याचे आवार वेगळे, पण दुसरे घोडे दिसतील असे. एकच घोडा पाळायचा असेल तर सोबतीला निदान एखादी शेळी ठेवावी. कप्पेच बांधायचे तर मधल्या भिंती खालून भरीव ठेवून वर गज लावावेत आणि गजांमधून खूर अडकेल एवढी फट सोडू नये. ज्याचा घोडा रोज दोन-तीन तास कामावर जातो आणि ज्याच्याकडे पूर्णवेळ मोतद्दार आहे, त्याला कप्प्यांचा तबेला चालेल. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्याने जमेल तितकी मोकळीक द्यावी.

जमीन आणि हवा यांचा विचार प्रदेशागणिक बदलतो. देशावरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती उकरून मुरूम भरल्याशिवाय तिच्यावर थान करू नये. कोकणातल्या जांभ्यात पाणी झिरपते, पण पावसाचा मारा तिरका येतो, म्हणून पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजू बंद ठेवावी लागते. विदर्भ-मराठवाड्यात शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन कमी आत येते. मारवाडी आणि काठियावाडी घोडे कोरड्या उष्ण मुलखातले आहेत. नागपूरच्या उन्हाळ्याशी ते सावली-पाण्यावर जुळवून घेतील. रायगड-रत्नागिरीचा पावसाळा त्यांना जास्त जड जातो. म्हणून कोकणात घोडा नेणाऱ्याने पंख्यावर खर्च करण्याआधी निचऱ्यावर करावा.

जमिनीच्या पृष्ठभागाचा वादही असाच दुहेरी आहे. चोपलेला मुरूम किंवा माती पायाला मऊ, पण मूत्राने खड्डे पडतात आणि दरवर्षी डागडुजी करावी लागते. कोबा धुवायला सोपा, पण कडक, गार आणि निसरडा. त्यावर उभ्या राहणाऱ्या घोड्याचे सांधे त्याची किंमत मोजतात. कोबा करायचाच असेल तर तो खडबडीत ठेवावा, हलका उतार द्यावा आणि वर जाड रबरी चटई घालावी. मात्र चटई आली म्हणून अंथरूण सुटत नाही. भाताचा पेंढा स्वस्त, पण बुरशी धरतो आणि भुकेला घोडा तो खातो. लाकडाचा भुसा मूत्र चांगले शोषतो, पण धूळ करतो आणि नेहमी मिळतोच असे नाही. जवळ जे कोरडे आणि स्वच्छ मिळते ते वापरावे आणि रोज ओले काढावे, एवढेच खरे.

छपराला पत्रा स्वस्त पडतो, पण एप्रिल-मेमध्ये तो तापतो. वरून चुन्याचा पांढरा हात दिला किंवा उसाच्या पाचटाचा थर घातला तर फरक पडतो. त्याहून महत्त्वाची छपराची उंची आणि मगरीशी गरम हवा बाहेर पडायला ठेवलेली फट. दहा-बारा फुटांच्या खाली छप्पर आणून मग कूलर लावणे म्हणजे आधी चूक बांधायची आणि मग तिचे वीजबिल भरायचे.

पाणी आणि लीद यांचा हिशेब बांधकामाच्या नकाशातच असावा. एका घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून जास्त. लीद पंधरा-वीस किलो, म्हणजे वर्षाला पाच टनांच्या वर. हा ढीग शेडपासून दूर आणि वारा शेडकडून ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला नसेल तर माश्या आणि शेजारी दोघेही त्रस्त होतात. चावऱ्या माश्यांमुळे घोड्यांत सर्रासारखा जीवघेणा रोग पसरतो, त्यामुळे हा नुसता वासाचा प्रश्न नाही. पण शेजारी शेतकरी असेल तर हीच लीद त्याला खत म्हणून हवी असते. तो करार आधीच करून ठेवावा.

वैरणीची साठवण वेगळ्या छपराखाली हवी, कारण आग. ही खबरदारी आपल्याला नवी नाही. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या परिसरात छावणी केलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, हा त्यातला एक इशारा. दुसरा आगीचा. चुली, तंबाखूचा विस्तव आणि रात्री जळत ठेवलेला दिवा यांपासून गवत सांभाळा, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी वैरण जळून जाईल. आजच्या तबेल्यात दिव्याच्या जागी कुरतडलेली विजेची तार आहे. उंदीर तोच आहे. वायरिंग लोखंडी नळीतून न्यावे आणि दाणा पत्र्याच्या झाकणबंद पेटीत ठेवावा. कोंबड्यांचे आणि गुरांचे खाद्य घोड्याच्या दाण्याजवळ ठेवू नये. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध असते, ते गुरांना चालते पण घोड्याला प्राणघातक ठरते.

नकाशात आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे नव्या घोड्यासाठी बाजूला ठेवलेली जागा. ग्लँडर्स हा जीवाणूजन्य रोग घोड्यांतून माणसालाही होतो आणि कायद्याने त्याची माहिती सरकारला देणे बंधनकारक आहे. बाधित ठरलेले जनावर मारावे लागते. बाजारातून आणलेला घोडा तपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय घेऊ नये, आणि आणल्यावरही दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. त्याची बादली, खरारा आणि मोहरकीही वेगळी. ज्याच्या आवारात ही जागा नाही, त्याने दुसरा घोडा घेण्याची घाई करू नये.

एवढे झाल्यावर साहित्याकडे वळावे. इथे खोगीरभरतीचा मोह सर्वांत मोठा असतो. जीन कातडी असावी की कृत्रिम धाग्याची, परदेशी की कानपूरची, हे प्रश्न दुय्यम आहेत. कानपूर हे जीनसाजाचे देशातले मोठे केंद्र आहे आणि तिथला माल परदेशातही जातो. कोकणातल्या पावसाळ्यात कातड्याला बुरशी येते, तिथे कृत्रिम जीन सांभाळायला सोपी. पण सगळ्यात आधी ती त्या विशिष्ट घोड्याच्या पाठीला बसते का, हे पाहावे. स्वार बसल्यावरही जीनखाली खांद्यांवरच्या उंचवट्यापाशी दोन-तीन बोटे जाण्याइतकी जागा राहिली पाहिजे आणि कण्यावर कुठेच भार पडता कामा नये. भारतीय घोडे अरुंद बांध्याचे असतात. रुंद पाठीच्या परदेशी घोड्यासाठी केलेली महागडी जीन त्यांच्यावर घसरते आणि पाठीला गळवे आणते. जाड नमदा घालून ती बसवणे हा उपाय नव्हे. म्हणून जीन घोडा आल्यावर, त्याच्या पाठीवर लावून पाहूनच घ्यावी.

लगामाच्या बाबतीत तर तडजोड नको. काटेरी लगाम वापरणारे म्हणतात की ताकदवान नर त्याशिवाय आवरत नाही, वरातीच्या गर्दीत अपघात होईल. ही भीती खोटी नाही. पण ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामावर बंदी घातलेली आहे. शिवाय दुखऱ्या तोंडाचा घोडा अधिक बेभरवशाचा होतो. जे शिकवणीने साधायचे ते लोखंडाच्या काट्यांनी साधू पाहिले की दोन्ही हातचे जाते. साधा, गुळगुळीत लगाम आणि चार महिन्यांची शिकवणी हाच खरा सुरक्षिततेचा खर्च.

नालाचा निर्णय जमिनीवर ठेवावा. डांबरी आणि खडकाळ रस्त्यावर रोज चालणाऱ्याला नाल लागते. मऊ आवारात राहणारा घोडा बऱ्याचदा बिननाल चांगला राहतो. गुळगुळीत फरशीवर आणि पेव्हर ब्लॉकवर लोखंडी नाल घसरते. माथेरानच्या अश्वपालांनी रस्त्यांवरच्या ब्लॉकना केलेल्या विरोधात हा मुद्दा होता. नाल असो वा नसो, दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापायला नालबंद हवाच. तो आपल्या तालुक्यात आहे का, ही चौकशी घोडा घेण्याआधीची. बाकी यादी छोटी आहे. नीट बसणारी मोहरकी, दोन बादल्या, खरारा, खूर साफ करायचा आकडा, थर्मामीटर, मिठाचा खडा आणि डॉक्टरांचा नंबर. निरोगी, न भादरलेल्या घोड्याला महाराष्ट्रातल्या बहुतेक हिवाळ्यांत झूल लागत नाही. त्या पैशात एक ट्रक मुरूम येतो.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप येईल. आवार, कप्पे, वेगळी जागा हे जमीनवाल्यांचे सल्ले आहेत. शहरातल्या गल्लीत वरातीची घोडी पाळणाऱ्याने काय करायचे? त्याच्याकडे गुंठाभरही जागा नाही, आणि घोडीवर त्याचे घर चालते. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. त्या वादात रस्त्यावरच्या गाड्यांइतकाच तबेल्यांच्या अवस्थेचाही प्रश्न होता. निवारा नीट नसेल तर शेवटी धंदाच जातो, हा त्यातून घ्यायचा बोध. पण तो धंदा करणाऱ्याच्या माथी मारून थांबणे योग्य नाही. नगरपालिकांनी शहराच्या कडेला सामायिक जागा, पाणी आणि लीद उचलण्याची सोय द्यावी. लग्नसराई संपल्यावर घोड्या गावाकडे मोकळ्या सोडण्याची जुनी चाल शक्य तिथे टिकावी. आणि घोडेबाजारांत शासनाच्या खर्चाने रक्ततपासणी आणि निवाऱ्याबद्दलचा सल्ला एकाच तंबूत मिळावा. श्रीमंत हौशी मालकाला मात्र जागेची सबब नाही, आणि त्याच्याबाबतचा निकाल म्हणूनच कडक असावा.

सारंगखेड्याला निघणाऱ्याने पैशांची वाटणी आधी करावी. सगळ्यात मोठा वाटा जमीन, निचरा आणि कुंपणाला, दुसरा वर्षभराच्या वैरणीला आणि मोतद्दाराच्या पगाराला, तिसरा घोड्याला आणि सर्वांत लहान साजाला. या हिशेबात बसेल तो घोडा लहान निघेल, कदाचित देखणाही निघणार नाही, पण भीमथडीसारखा इथल्या हवेचा असेल आणि सांभाळता येईल. उलट्या क्रमाने वाटणी केली तर खोगीर भिंतीला टांगलेले राहते आणि घोडा दोन पावसाळ्यांत पुन्हा बाजारात येतो. ज्याची वाटणी सरळ क्रमात बसत नाही, त्याने या वर्षी यात्रेला जावे, घोडे डोळे भरून पाहावेत आणि दोर न घेता परत यावे. तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णयच आहे.